कुलाबा आणि सातारा यांमधील समेट

इ. स. १७१३ च्या उत्तरार्धात शाहू महाराजांच्या राज्याची जी अवस्था झाली होती, तिचे वर्णन एका वाक्यात करावयाचे तर असे करता येईल की, राजाचा मुख्य प्रधान मराठ्यांच्याच एका सरदाराच्या कैदेत होता. तो प्रधान म्हणजे पेशवे बहिरोपंत पिंगळे आणि तो सरदार म्हणजे कुलाब्याचे कान्होजी आंगरे. बहिरोपंत फौज घेऊन आंगऱ्यांचे पारिपत्य करण्यास निघाले, ते स्वतःच त्यांच्या हाती सापडले. लोहगड गेला, राजमाची गेली, आणि आंगरे आता घाट ओलांडून खुद्द साताऱ्यावर येणार अशी वार्ता पसरली. सेनापती चंद्रसेन जाधव दोन वर्षांपूर्वीच रुसून निघून गेलेले. तेव्हा दुसरी फौज पाठवावी, तर ती कोणाची आणि कोणाच्या भरवशावर?

अशा वेळी कान्होजींना बंडखोर म्हणणे सोपे होते, आणि साताऱ्याच्या दरबारी ते म्हटलेही जात असेल. परंतु कान्होजींच्या बाजूने पाहिले असता प्रकरण निराळे दिसते. १६८९ मध्ये रायगड पडला, बाल शाहू मोगलांच्या छावणीत गेले आणि पुढील अठरा वर्षे तेथेच राहिले. त्या अठरा वर्षांत कोकणचे दुर्ग राखले गेले ते राजाराम महाराजांच्या व त्यांच्यामागे ताराबाईंच्या नावाने. सरखेल ही कान्होजींची पदवीही त्याच पक्षाकडची. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू सुटून आले, खेडची लढाई झाली, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पण तेवढ्याने कुलाब्याच्या माणसाने आपली निष्ठा एका रात्रीत का बदलावी? ज्यांचे मीठ खाल्ले त्यांना सोडणे म्हणजे आजवरची चाकरी खोटी होती असे कबूल करण्यासारखे होते. बहिरोपंतांच्या फौजेने कान्होजींपुढे ठेवली होती ती नेमकी हीच कबुली. ती त्यांनी दिली नाही, यात नवल नाही.

महाराजांनी हे काम बाळाजी विश्वनाथ भट यांजवर सोपविले. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे त्यांस पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. या घटनेकडे केवळ बढती म्हणून पाहू नये. समेटाचे बोलणे करणाऱ्याच्या शब्दामागे तो शब्द पाळण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या पत्राला कागदाहून अधिक किंमत कोण देणार? पेशवा म्हणून लिहिलेले आश्वासन हे राजाचे आश्वासन होते.

तथापि बाळाजीपंतांपाशी वस्त्रांहूनही मोलाची एक गोष्ट होती. ते श्रीवर्धनचे. श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्या घराण्यात होती, आणि तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालचा. आंगऱ्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने भटांच्या घरावर कहर केला, बाळाजींचे बंधू जानोजी यांस समुद्रात बुडविले आणि बाळाजींना वतन सोडून घाटावर यावे लागले, अशी परंपरागत कथा आहे. तिच्यातील प्रत्येक तपशील खरा असो वा नसो, श्रीवर्धनच्या या ब्राह्मणाला आणि अलिबागच्या या दर्यावर्दी मराठ्याला एकच शेजारी छळीत होता, यात शंका नाही. श्रीवर्धन आणि कुलाबा यांच्या मधोमध जंजिरा उभा आहे. शिवाय चिपळूणजवळच्या परशुरामक्षेत्री राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी दोघांनाही पूज्य होते. साताऱ्याच्या दरबारातील दुसऱ्या कोणाही मुत्सद्द्यास कान्होजींशी बोलताना अशी पायाखालची भूमी लाभली नसती.

पत्रांनी व मध्यस्थांनी बोलणे सुरू झाले आणि लोणावळ्यानजीक वळवण येथे दोघांची भेट झाली. भेटीत कोणते शब्द उच्चारले गेले, याविषयी कल्पनाशक्तीला वाव देण्याचे कारण नाही. तहाची कलमेच पुरेशी बोलकी आहेत. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा, बहिरोपंतांना मुक्त करावे, राजमाचीखेरीज घाटावरील जिंकलेली ठाणी परत द्यावी. उलट महाराजांनी त्यांची सरखेली कायम करावी आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्या खालील गावांसह त्यांजकडे चालवावी. १७१४ च्या आरंभी हा करार पुरा झाला.

बाळाजीपंतांनी किल्ले देऊन आंगऱ्यांना विकत घेतले, असा अभिप्राय काही ठिकाणी वाचावयास मिळतो. तो वरवरचा आहे. जे किल्ले तहात ‘दिले’ त्यांतील बहुतेक कान्होजींच्या ताब्यात आधीच होते. उरलेल्या काही जागा सिद्दीने बळकावलेल्या होत्या, म्हणजे त्या देणे शाहू महाराजांच्या हाती नव्हतेच. मग बाळाजींनी दिले काय? त्यांनी दिली ती मान्यता. जी सरखेली एका पक्षाने दिली होती, ती दुसऱ्या पक्षाने जशीच्या तशी उचलून धरली. त्यायोगे कान्होजींची मागील पंचवीस वर्षे अपराधात न जमा होता शिवछत्रपतींच्या राज्याच्या सेवेत जमा झाली. गादी कोणाची हा वाद होता. राज्य कोणाचे याविषयी मात्र कान्होजी आणि शाहू यांचे एकमत होते, आणि बाळाजींनी बोलणे त्या एकमतापासून सुरू केले. सिद्दीकडे गेलेल्या जागांचा उल्लेख तहात येणे, हाही त्याच धोरणाचा भाग होय. आता त्या जागा दोघांनी मिळून घ्यावयाच्या होत्या. आणि सिद्दीने कुरापत काढताच बाळाजींनी आंगऱ्यांस कुमक करून त्यास १७१५ मध्ये नमते घ्यावयास लावलेही.

मराठी पत्रलेखनात मायन्याला जे महत्त्व असे, त्याची आज कल्पना येणे कठीण आहे. ‘राजश्री’च्या मागेपुढे कोणती विशेषणे, नमस्कार की आशीर्वाद, हुद्द्याचा उल्लेख आहे की नाही, यावरून घेणारा पत्र उघडताच आपली पायरी ओळखी. मजकूर त्यानंतरचा. सरखेल म्हणून लिहिणे हीच त्यामुळे अर्धी तडजोड होती. दुसऱ्या अर्ध्याची साक्ष कान्होजींच्या मुद्रेत सापडते. तिच्यात आरंभी शाहू नृपतीचे नाव आहे, आणि त्यामागून तुकोजींचे पुत्र कान्होजी सरखेल येतात.

याच कान्होजींचा दुसरा एक पत्रव्यवहार मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराशी झाला, तो याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आंगऱ्यांचा दस्तक घ्यावा की नाही, हा मूळ प्रश्न. कान्होजी स्वतःस दर्याचा धनी समजत. इंग्रज त्यांस चांचा म्हणत. गव्हर्नराने परक्याच्या मालाच्या लोभाचा ठपका ठेवला, तेव्हा कान्होजींनी उत्तर धाडले त्याचा आशय असा की, या लोभातून व्यापारीही सुटलेले दिसत नाहीत, जगाची रीतच अशी आहे. उत्तर मोठे मार्मिक आहे. पण मार्मिक उत्तराने गव्हर्नराचे मन वळले नाही. ते वळावे अशी कान्होजींचीही अपेक्षा नसावी. १७१८ मध्ये इंग्रजांचे आरमार खांदेरीवर चालून आले होते आणि हात हलवीत परत गेले होते.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले. वळवणच्या भेटीची खरी कसोटी तेव्हा लागली. बाळाजीपंत त्याआधी, २ एप्रिल १७२० रोजी, सासवडला निवर्तले होते. परंतु साताऱ्याचे घोडदळ घाट उतरून अलिबागेस आले आणि बाळाजींचे पुत्र बाजीराव यांच्या मध्यस्थीने १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी वेगळा तह करून पाय काढता घेतला. इंग्रजांनाही माघारी जावे लागले. आठ वर्षांपूर्वी साताऱ्याने आंगऱ्यांना चिरडण्याचाच हट्ट धरला असता तर त्या दिवशी कुलाब्याच्या मदतीस कोण धावले असते?

या समेटाला एक मोल मात्र द्यावे लागले. आरमार छत्रपतींच्या नावाचे राहिले, परंतु ते एका घराण्याच्या मुठीतच राहिले. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या पुत्रांत भाऊबंदकी माजली. १७३५ मध्ये बाजीरावांनी कुलाबा मानाजींकडे व सरखेली संभाजींकडे अशी वाटणी केली. पुढे तुळाजी आंगरे व पेशवे यांच्यात वैर पेटले, तेव्हा वळवणला जसे बोलणे झाले तसे कोणी केले नाही. बाळाजीपंतांचे नातू नानासाहेब यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांखाली विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजींची जहाजे जळाली. मानाजींच्या वंशजांकडे कुलाब्याची जहागीर १८४० पर्यंत चालली. त्यानंतर ती इंग्रजांनी खालसा केली.