आधी एकसंधता की आधी मुक्ती? : लिंकन, फुले, आंबेडकर

पलासियातून जाणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता दक्षिणेकडे धरला, की वीस-पंचवीस किलोमीटरांवर महूची छावणी लागते. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव जन्मास आले. त्याआधी बरोबर सव्वीस वर्षे, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, वॉशिंग्टनच्या एका नाट्यगृहात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली होती. तारखांच्या अशा योगायोगांना इतिहासात फारसे मोल नसते. मात्र या दोघांमधले वैचारिक नाते योगायोगाचे नाही आणि ते सलोख्याचेही नाही. त्या नात्याचा दुवा एका मराठी पुस्तकात सापडतो, म्हणून मराठीचा अध्यापक असूनही हा विषय मी व्याख्यानासाठी घेतला.

ते पुस्तक म्हणजे जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’. ते १८७३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीरावांनी हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील सज्जन जनतेला. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्या जनतेने केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल आदर व्यक्त करावा, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी त्यांची भावना होती. या अर्पणपत्रिकेत लिंकन यांचे नाव नाही. जोतीरावांनी आभार मानले ते लोकांचे, राष्ट्राध्यक्षाचे नव्हेत. ही गोष्ट वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते, आणि मला तर तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. ‘गुलाम’ हा शब्द मूळ अरबी, आणि त्याचा तेथला मूळ अर्थ ‘मुलगा’. फारसी प्रत्यय जोडून आपण त्याचे भाववाचक नाम केले. परंतु गुलामी ही वस्तू आपल्याला परकी होती असे समजण्याचे कारण नाही. ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ हे शब्द मराठीत होते, कारण खरेदी-विक्री होणाऱ्या त्या स्त्रिया मराठी राज्यात होत्या. पेशवे दफ्तरातील कागदपत्रांत त्यांच्या नोंदी आहेत. कंपनी सरकारने गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला तो १८४३ च्या कायद्याने. तेव्हा जोतीरावांनी दूरदेशीचा एक शब्द उसना आणून आपल्या समाजाला उगाच चिकटवला, हा आक्षेप टिकत नाही.

आता लिंकन यांच्याकडे वळू. ४ मार्च १८६१ रोजी त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा दक्षिणेतील सात राज्ये आधीच फुटून निघाली होती. एप्रिलमध्ये युद्ध पेटल्यावर आणखी चार गेली. देशातील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. पण डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलामी पाळणारी चार राज्ये अद्याप संघातच होती, आणि लिंकन यांच्या राजकारणाची सारी किल्ली तेथे आहे. ही राज्ये दुखावली, तर राजधानी वॉशिंग्टनसुद्धा शत्रूच्या वेढ्यात सापडली असती. म्हणूनच सेनापती फ्रेमाँट यांनी १८६१ मध्ये आणि हंटर यांनी १८६२ मध्ये आपापल्या प्रांतातील गुलाम मुक्त केल्याचे जाहीर केले, तेव्हा ते दोन्ही हुकूम लिंकन यांनीच फिरवले.

ऑगस्ट १८६२ मध्ये संपादक होरेस ग्रीली यांनी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मधून त्यांना जाहीर जाब विचारला. २२ ऑगस्टला लिंकन यांनी दिलेले उत्तर जगप्रसिद्ध आहे. आपले प्रधान उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे, एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधत असेल तर तसे करू, सर्वांना मुक्त करून साधत असेल तर तसे करू, असा त्याचा आशय. पत्राच्या शेवटी, सर्व माणसे सर्वत्र स्वतंत्र असावीत ही आपली व्यक्तिगत इच्छा बदललेली नाही, असेही त्यांनी लिहिले.

या पत्रावर सर्वांत कठोर भाष्य करणाऱ्यांत महूला जन्मलेल्या आंबेडकरांचा समावेश होतो. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या प्रश्नावर त्यांनी १९४५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात हे पत्र येते. लिंकन यांना संघराज्य आधी आणि गुलामांची मुक्ती नंतर, त्याचप्रमाणे गांधीजींना स्वराज्य आधी आणि अस्पृश्यांचा प्रश्न नंतर, अशी ती तुलना आहे. लोकांचे, लोकांनी चालवलेले राज्य असा गेटिसबर्गला उद्घोष करणाऱ्या पुरुषाला, संघ टिकत असता तर काळ्यांवर गोऱ्यांचे राज्यही चालले असते, असा त्यांचा उपरोध आहे.

हा आरोप न्याय्य आहे काय? पत्रापुरता पाहिला, तर आहे. पण पत्र लिहिले गेले तेव्हा मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकन यांच्या टेबलाच्या खणात पडून होता. २२ जुलैलाच त्यांनी तो मंत्रिमंडळापुढे वाचला होता. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी सुचवले की, एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे, नाहीतर हा पराभूताचा आक्रोश वाटेल. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली आणि पाचच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा निघाला. १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. तोही फक्त बंडखोर प्रदेशापुरता होता. संघातील चार राज्यांचे गुलाम त्यात नव्हते. ग्रीली यांना दिलेले उत्तर म्हणजे मनातील निर्णयासाठी लोकमत तयार करण्याची राजनीती होती, असे माझे मत आहे. मात्र ज्याच्या पायात बेडी आहे त्याने या राजनीतीचे कौतुक करावे, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

शिवाय केवळ राजनीतीने हे घडले नाही. मे १८६१ मध्येच तीन गुलाम पळून मन्रो किल्ल्यातील संघसेनेकडे आले आणि सेनापती बटलर यांनी त्यांना परत देण्यास नकार दिला. त्यांच्यामागून हजारो आले. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक संघाच्या बाजूने लढले. राष्ट्राध्यक्षाच्या लेखणीला गती आली, ती या पावलांमुळे. सहा लाखांहून अधिक माणसे मरून गेल्यावर डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर झाली, तेव्हा कोठे गुलामी देशभर बेकायदा ठरली.

जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये काळे प्रतिनिधी बसत होते. १८७७ नंतर दक्षिणेत ते सारे उलटवले जाणार होते, हे पुण्यात बसून १८७३ साली कोणाला कळणार? त्यांची कृतज्ञता भाबडी नव्हती, ती त्या क्षणाला खरी होती. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले ते १९१३ ते १९१६ या काळात, म्हणजे त्या उलथापालथीनंतर. जोतीरावांच्या दृष्टीपुढे मुक्तीचा उषःकाल होता, तर आंबेडकरांना माध्यान्हीचा काळोख दिसला. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, आणि संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निग्रो संघटनेच्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

पुढे राष्ट्रीय एकात्मतेचा प्रश्न स्वतः आंबेडकरांच्याच पुढ्यात आला. २८ मे १९४८ रोजी होळकरांचे इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले होते. असा सांधेजोडीचा तो काळ. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी ‘युनियन’ हा शब्द का योजला ते सांगितले. कोणत्याही राज्याला फुटून जाण्याचा अधिकार नाही, हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले, तेव्हा आपण ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या लिंकन यांच्यावर त्यांनी तीन वर्षांपूर्वी टीका केली, त्यांच्याच युद्धाचे फलित त्यांनी येथे एका शब्दात साठवले. पण क्रम मात्र त्यांनी लिंकन यांचा घेतला नाही. त्याच महिन्यात, २९ नोव्हेंबरला, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम त्याच सभागृहाने संमत केले. राज्यघटनेत ते सतरावे कलम झाले. एकसंधता आणि मुक्ती एकाच दस्तऐवजात आल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर जाती राष्ट्रविरोधी आहेत असे सांगून, या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नाहीतच, असे त्यांनी बजावले.

सतराव्या कलमाचा भंग करणाऱ्यास शिक्षा ठरवणारा कायदा संसदेने केला तो १९५५ साली. आंबेडकर तोवर मंत्रिमंडळात राहिले नव्हते. १९५१ मध्येच ते राजीनामा देऊन बाहेर पडले होते.