शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे : जंत, औषधे आणि एका दुर्लक्षाचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ १९३८ पासून मेंढ्या-शेळ्यांच्या पोटातील जंतांवर एकाहून एक प्रभावी औषधे आली आणि एकामागून एक निष्प्रभ होत गेली. हा इतिहास बहुधा रसायनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात एका प्राण्याकडे झालेल्या दीर्घ दुर्लक्षाचाही वाटा आहे. तो प्राणी म्हणजे शेळी.

२/ प्रथम शत्रूची ओळख. हिमाँकस कॉन्टॉर्टस हा दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा गोल जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. मादीचे रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरे गर्भाशय एकमेकांभोवती पीळ घालून असतात. रुडोल्फी यांनी १८०३ मध्ये त्याला दिलेल्या नावातील ‘कॉन्टॉर्टस’चा अर्थच ‘पिळलेला’ असा आहे.

३/ एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त खर्ची घालतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण हजार जंत म्हणजे दररोज ५० मिली रक्त. दूध आटते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते आणि जनावर दगावते. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार, ओलसर हवेत आठवडाभरात त्यांतून संसर्गक्षम अळ्या तयार होतात आणि ओल्या गवतावर चढून बसतात.

४/ या जीवनचक्राचा एक पायाभूत अभ्यास दक्षिण आफ्रिकेत झाला. आर्नोल्ड थायलर यांनी १९०८ मध्ये उभारलेल्या ओंडरस्टेपोर्ट येथील संस्थेतून व्हेग्लिया यांनी तो १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळातील उपचार म्हणजे मोरचूद, सोमल आणि तंबाखूतील निकोटिन. जंत मारणारी मात्रा आणि जनावर मारणारी मात्रा यांत अंतर थोडेच होते.

५/ १९३८ मध्ये अमेरिकेत फिनोथायझिन आले आणि चित्र पालटले. मात्र १९५७ मध्ये केंटकीतून त्याला न जुमानणाऱ्या हिमाँकसची नोंद झाली. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले; १९६४ मध्ये त्यालाही प्रतिकार दिसला. पहिल्या औषधाला जवळजवळ वीस वर्षे मिळाली होती, दुसऱ्याला अवघी तीन.

६/ १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन बाजारात आले. त्याचे मूळ जपानमधील इतो येथील मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या सूक्ष्मजीवात होते. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना या कार्यासाठी २०१५ चे नोबेल मिळाले. पण १९८० चे दशक सरण्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेत त्यालाही प्रतिकार करणारा हिमाँकस आढळला होता.

७/ आता शेळीकडे वळू. ही औषधे मुख्यतः मेंढी आणि गाय डोळ्यांसमोर ठेवून विकसित झाली, कारण लोकर, मांस आणि गोदुग्ध यांच्या बाजारपेठा मोठ्या होत्या. शेळीसाठी स्वतंत्र चाचण्यांचा खर्च फारसा कोणी केला नाही. मेंढीची मात्रा शेळीला देण्याची रीत पडली. ‘गरिबाची गाय’ औषधशास्त्राच्या लेखी लहान मेंढीच राहिली.

८/ परंतु शेळीचे शरीर निराळे आहे. ती मुळात झाडाझुडपांचे शेंडे खुडणारी. जमिनीलगतच्या अळ्यांशी तिचा संबंध कमी येत असे. त्यामुळे जंतांविरुद्धची तिची प्रतिकारशक्तीही मेंढीइतकी बळकट झाली नाही. कुंपणातल्या गवतावर तिला बांधताच हे नैसर्गिक संरक्षण संपते.

९/ दुसरा भेद अधिक घातक ठरला. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निकामी करून बाहेर टाकते. १९८० च्या दशकातील अभ्यासांतून हे स्पष्ट होत गेले. बहुतेक औषधांची तिला लागणारी मात्रा मेंढीच्या दीड ते दुप्पट असते. अपुरी मात्रा म्हणजे दुबळे जंत मरणार, चिवट जंत उरणार आणि त्यांचीच संतती वाढणार.

१०/ दुभत्या शेळीच्या बाबतीत दुधाचाही प्रश्न होता. फ्रान्समध्ये बेंझिमिडाझोल गटातील काही औषधांनंतर दूध टाकून द्यावे लागत नसे. चीज करणाऱ्या पालकांनी साहजिकच तीच वर्षानुवर्षे वापरली. परिणामी त्या गटाला प्रतिकार करणारे जंत तेथील कळपांत सर्वदूर पसरले. नियम ग्राहकाच्या हिताचा होता. निवड मात्र जंतांची झाली.

११/ २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे नव्या गटाचे औषध आले. चार वर्षांच्या आत, २०१३ मध्ये, त्याच देशातील एका फार्मवर ते दोन जातींच्या जंतांवर निष्प्रभ झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्या फार्मवर शेळ्या होत्या आणि त्यांना हे औषध वारंवार पाजले गेले होते.

१२/ मग मार्ग कोणता? पूर्वीचा सल्ला असा : सगळ्या कळपाला औषध द्या आणि स्वच्छ कुरणात हलवा. त्यात खोट होती. औषधातून वाचलेले चिवट जंतच नव्या कुरणाचे एकमेव पूर्वज ठरत. दक्षिण आफ्रिकेचे यान व्हॅन वाइक यांनी २००१ मध्ये आग्रहाने मांडले की काही जंत औषधाविना राहू देणे आवश्यक आहे. औषधाने मरू शकणारे हे जंत चिवट वंश पातळ करतात.

१३/ पण औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही? उत्तर जनावराच्या डोळ्यात होते. रक्त घटले की खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते. फ्राँस्वा ‘फाफा’ मलान आणि सहकाऱ्यांनी या निरीक्षणावरून लाल ते पांढुरका अशा पाच छटांचा तक्ता केला : ‘फामाचा’, म्हणजे फाफा मलान चार्ट. प्रयोगशाळा नको, अक्षरओळख नको. फिकट पापणीच्या जनावरालाच औषध.

१४/ हा तक्ताही मूळचा मेंढीसाठीच! फरक इतकाच की या वेळी तो शेळीवर तसाच लादला गेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील अल्पसाधन पालकांच्या शेळ्यांवर त्याची वेगळी चाचणी झाली आणि निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मर्यादाही आहे : तक्ता केवळ रक्तपिपासू जंतांचा माग देतो, इतरांचा नाही.

१५/ फ्रान्समध्ये ल प्राडेल येथील प्रायोगिक कळपात दुभत्या शेळ्यांसाठी निराळा निकष तपासला गेला. पहिलारू आणि सर्वाधिक दूध देणाऱ्या शेळ्यांतच जंतांचा भार अधिक असतो. तेव्हा औषध त्यांनाच द्यायचे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सगळ्या कळपाला औषध दिल्याच्या मानाने दूध घटले नाही. हे ल प्राडेल म्हणजे १६०० साली शेतीवरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या ऑलिव्हिए द सेर यांची वाडी.

१६/ म्हणून या इतिहासाचा केंद्रबिंदू कोणतेही एक औषध नाही. संशोधनाचा पैसा ज्या प्राण्यामागे गेला, त्याचे मोजमाप दुसऱ्याला लावले गेले आणि किंमत त्या दुसऱ्याच्या पालकाने मोजली. औषधाची बाटली उघडण्यापूर्वी शेळीची पापणी उलटून पाहायला शिकण्यात जवळजवळ सगळे विसावे शतक गेले.

(समाप्त)