प्रथिनांचे क्ष-किरण स्फटिकविज्ञान

प्रथिनाच्या स्फटिकातून होणाऱ्या क्ष-किरणांच्या विवर्तनावरून त्याच्या रेणूतील अणूंची त्रिमितीय मांडणी ठरविण्याची पद्धत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर असते, तर दोन कार्बन अणूंमधील बंध जेमतेम 0.15 नॅनोमीटर लांब असतो. म्हणून अणू वेगवेगळे दिसण्यासाठी तेवढ्याच आखूड तरंगलांबीचे किरण लागतात. प्रयोगशाळेत तांब्याचे लक्ष्य असलेल्या नळीतून 0.154 नॅनोमीटरचे क्ष-किरण मिळतात. एकट्या रेणूचा संकेत अतिशय क्षीण असतो. स्फटिकात असंख्य रेणू एकाच क्रमाने रचलेले असल्यामुळे ठळक ठिपके उमटतात.

प्रथिनाच्या स्फटिकाचा साधारण अर्धा भाग पाणीच असतो आणि तो वाळला की आतली रचना ढासळते. 1934 मध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल व डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक त्याच्या द्रावणातच ओला ठेवला आणि प्रथिनाचे पहिले स्पष्ट विवर्तनचित्र मिळवले.

खरी अडचण पुढेच होती. ठिपक्याच्या तीव्रतेवरून लहरीचा परमप्रसर कळतो, पण तिची कला (लहर आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) नोंदली जात नाही आणि कलेवाचून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढता येत नाही. 1937 पासून हीमोग्लोबिनच्या मागे लागलेल्या मॅक्स पेरुट्झ यांना 1953 मध्ये वाट सापडली. प्रथिनाला पाऱ्यासारखा जड अणू जोडला की ठिपक्यांची तीव्रता बदलते आणि त्या बदलातून कला काढता येते. या शास्त्रातील हा सर्वांत मोलाचा शोध म्हटला पाहिजे. त्याच्याच बळावर जॉन केंड्रू यांनी स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची रचना 1958 मध्ये ढोबळपणे, तर 1960 मध्ये 0.2 नॅनोमीटर विभेदनापर्यंत उलगडली. दोघांना 1962 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कला मिळवण्याचा दुसरा मार्ग तरंगलांबीच्या निवडीतून जातो. काही अणू विशिष्ट तरंगलांबीला किरण शोषून वेगळ्या तऱ्हेने विखुरतात. कला ठरविण्यासाठी याचा उपयोग करता येईल, हे मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व एस. रामन यांनी 1956 मध्येच दाखवले होते. हवी ती तरंगलांबी निवडू देणारे सिंक्रोट्रॉन हे क्ष-किरणांचे स्रोत आल्यावर ही पद्धत रुळली. आता प्रथिनातील मिथिओनिनमध्ये गंधकाच्या जागी सेलेनियम बसवून 0.098 नॅनोमीटरच्या आसपास मोजमापे घेतात.

विभेदन तरंगलांबीच्या निम्म्याहून सूक्ष्म होऊ शकत नाही. त्यामुळे अतिसूक्ष्म तपशिलासाठी तरंगलांबी आणखी आखूड करावी लागते; तसे केल्याने स्फटिकात होणारे शोषणही घटते, मात्र विखुरणे क्षीण होते. मोहरीच्या कुळातील एका वनस्पतीच्या बियांमधील क्रॅम्बिन या 46 ॲमिनो आम्लांच्या प्रथिनाची रचना हँबुर्ग येथे 0.048 नॅनोमीटरपर्यंत ठरवली गेली. भारतात इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर प्रथिन स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणरेषा आहे.

1971 मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज दोन लाखांहून अधिक रचना असून त्यांतील बहुसंख्य क्ष-किरणांनीच ठरविलेल्या आहेत.