शिराळा परिसरातील वतनदार घराण्यांची दप्तरे

सांगली जिल्ह्यातील शिराळा आणि त्याभोवतीचे वारणा-कृष्णा खोरे येथील देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी इत्यादी वतनदारांनी आपापल्या घरी सांभाळलेले हक्काचे, तंट्यांचे व वाटण्यांचे कागद. बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. हा मुलूख आदिलशाहीत होता, त्या काळातल्या काही फर्मानांत वर फार्सी व खाली मराठी मजकूर आढळतो. बत्तीस गावांचे म्हणून ओळखले जाणारे शिराळे मोरणा नदीकाठी असून समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक तेथे आहे.

वतन म्हणजे गावच्या किंवा परगण्याच्या चाकरीबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क. त्यात इनाम जमीन व रोख हक्क येत. तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, होळीची पहिली पोळी आणि सभेत पहिला विडा हेही त्यातच येई. जमिनीपेक्षा मानाच्या विड्यावरून भाऊबंद अधिक भांडले, हे दप्तरे चाळताना वारंवार दिसते. इंग्लंड-वेल्समध्ये मोठी इस्टेट सहसा थोरल्या मुलाकडे जाई, त्यामुळे तिचे दस्तऐवजही एकत्र राहिले आणि वेल्समधील अशी कितीतरी दप्तरे आज ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली आहेत. आपल्याकडे मात्र वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत गेल्या. वडीलपण एका शाखेकडे, जमीन चौघांत, आणि अस्सल सनद ज्याच्या पेटीत त्याची बाजू भक्कम. बाकीच्यांनी नकला करून ठेवल्या. म्हणून एकाच निवाड्याच्या तीन घरांत तीन प्रती मिळतात, आणि त्या ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही एक खरी मानू नये.

या दप्तरांतला सर्वांत बोलका कागद महजर, म्हणजे सभेत झालेल्या निवाड्याचा लेख. हात-दीड हात लांबीचे बंद एकाखाली एक चिकटवून त्याची गुंडाळी होई, आणि मध्येच बंद बदलता येऊ नये म्हणून जोडांवर शिक्का उमटवत. आरंभी हाजिर मजालस, म्हणजे सभेला कोण कोण बसले होते त्यांची नावे. पुढे वादी-प्रतिवादींच्या तकरिरी (जबान्या), साक्षी, निवाडा. शेवटी निशाण्या : पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. अक्षरओळख नसलेला बलुतेदारही इथे सही करतो आणि त्याची सही देशमुखाच्या शिक्क्याबरोबर त्याच कागदावर येते. शिवेच्या तंट्यात तर महाराची साक्ष फार वजनदार मानत. साक्षीपुराव्याने निकाल होईना तेव्हा दिव्य करावे लागे : उकळत्या तेलातून रवा काढणे किंवा शिवेची माती डोक्यावर घेऊन शीव चालून दाखवणे. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणाऱ्यावर गुन्हेगारी बसे, आणि तो आपण खोटा झाल्याचे यजितखत लिहून देई. खोटे महजरही होत, म्हणून सभा शिक्का आणि अक्षर दोन्ही पारखून घेई.

घराण्याचा इतिहास सापडतो तो करिन्यात. दुष्काळात गाव सोडून गेलेला आजा, परागंदा असताना गुमास्त्याने बळकावलेली पाटिलकी, मारेकरी, पुन्हा मिळवलेली सनद अशी हकिगत त्यात सलग येते. करिना ही एका पक्षाची फिर्याद असते, हे विसरून तिच्यावर वंशावळी उभारणे धोक्याचे. 1689 मध्ये संभाजी महाराजांना शत्रूच्या हातून सोडवण्याचा प्रयत्न शिराळ्यात झाला, ही गावाची अभिमानाची परंपरा आहे. अशा परंपरेची नोंद परंपरा म्हणूनच करावी व समकालीन कागदाची नोंद वेगळी ठेवावी.

13 एप्रिल 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन छत्रपतींच्या राज्यांची हद्द वारणेवर आली. शिराळे उत्तर काठचे, म्हणून साताऱ्याकडे. ज्यांचे हक्क दोन्ही काठांवर होते त्यांचा संबंध दोन दरबारांशी आला. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी सातारा खालसा केले. मुंबई इलाख्यात 1852 च्या कायद्याखाली इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा पेटीतला कागद हाच जमिनीचा आधार ठरला. पुढे 1874 च्या वतन कायद्याने वारसांच्या नोंदी पक्क्या केल्या. परगणे व कुलकर्णी वतने 1950 च्या अधिनियमाने संपली आणि दप्तरांचे कोर्टातले मोल उतरले. ज्या घरांनी चार शतके हे कागद वाळवीपासून राखले, तिथेच ते माळ्यावर गेले. माझ्या मते या दप्तरांचे सर्वांत मोठे नुकसान त्यानंतर झाले, कारण कागद राखायला खटला उरला नाही आणि मोडी वाचणारे घरात राहिले नाहीत.

छापील साधनांत वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड अग्रगण्य. जवळच्या कऱ्हाड भागातील मसूरच्या जगदाळे घराण्याचे कागद त्यांत आहेत. राजवाड्यांच्या पुढाकाराने 1910 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दप्तरे जमा आहेत. द. ब. पारसनीसांचा साताऱ्यातील संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ (1953) मुख्यतः महजरांवर उभा आहे.

शिराळ्याच्या एखाद्या घराण्याचा शोध घेणाऱ्याने जिल्ह्यांची फेररचना लक्षात ठेवावी. 1 ऑगस्ट 1949 रोजी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे त्याआधीच्या महसुली नोंदींसाठी साताऱ्याकडे, तर सनदा व हिशेबांसाठी पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांकडे वळावे लागते. मोडी कागदावरचे वर्ष बहुधा शुहूर सनाचे असते. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो.