तंजावराहून बडोद्यास : एका नृत्यविद्येची वाटचाल

बडोद्यास भरतनाट्यम् शिकविणाऱ्या एका घराण्याचे आडनाव तंजोरकर असे आहे. आडनाव मराठी धाटणीचे, विद्या तमिळ देशीची आणि गाव गुजराथेतले. या तिहींची सांगड कशी पडली हे पाहू गेले असता, नृत्यावर उदरनिर्वाह करणारी माणसे पुढे शिक्षक कशी झाली, आणि त्या स्थित्यंतरात काय हाती राहिले व काय निसटले, याचाच इतिहास उलगडतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा देवस्थानांशी पिढ्यान् पिढ्यांचा संबंध आहे. त्यांस तो परका वाटू नये.

देवळातील नृत्य ही सेवा होती, तशीच ती चाकरीही होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात राजराज चोळाचा अकराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्यात मंदिराच्या सेवेस आणविलेल्या 400 स्त्रियांची नावे, त्यांच्या घरांच्या रांगा आणि घरांचे क्रमांकसुद्धा कोरलेले आहेत. प्रत्येकीस वर्षाकाठी 100 कलम भात ठरवून दिले होते. पैकी कोणी निवर्तली किंवा परगावी गेली, तर तिच्या जवळच्या नातलगाने तो वाटा घेऊन सेवा चालवावी. नातलग लायक नसल्यास त्याने दुसरी लायक व्यक्ती निवडून द्यावी, असेही त्यात लिहिले आहे. जागा वंशाने मिळे, परंतु विद्येवाचून टिकत नसे. अशा घरात थकलेल्या नर्तकीने धाकट्या मुलीस तयार करणे ही हौसेची बाब राहात नाही. घराचा चरितार्थच तिच्यावर अवलंबून असतो.

पुढील काळात या शिक्षणाची वाटणी झालेली दिसते. नट्टुवनार हा पुरुष असे. तो हाती ताळ घेऊन नर्तकीच्या मागे उभा राही व बोल म्हणे. शिकविताना लाकडी ठोकळ्यावर दांड्याने ताल धरून अडवु, म्हणजे पायांच्या व हातांच्या मूळ हालचाली, बसवून घेई. परंतु पदाच्या एकाच ओळीतून रुसवा, विनवणी, थट्टा असे निरनिराळे भाव डोळ्यांनी व हातांनी कसे उलगडावे, हे बहुतांशी स्त्रियांकडचे धन होते. ते आजीकडून नातीकडे जाई आणि त्याची टिपणे कोणी ठेवीत नसे. ही वाटणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचाच प्रश्न येणार आहे.

व्यंकोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरी राज्य करू लागले. दुसरे सरफोजीराजे (1798–1832) यांच्या काळी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू पुढे आले. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा जो क्रम आजही कचेरीत पाहावयास मिळतो, तो या चौघांनी लावून दिलेला. पैकी चिन्नय्या म्हैसूर दरबारी गेले. वडिवेलु त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांच्या पदरी राहिले व महाराजांनी त्यांस हस्तिदंती व्हायोलिन नजर केले. सरफोजीराजांच्या नृत्योपयोगी मराठी रचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केल्या आहेत. मराठीत भरतनाट्यम् ही आजकालची कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी त्या अवश्य चाळाव्या. सरफोजीराजांनाच नायक कल्पून रचलेली शरभेन्द्र भूपाल कुरवंजी ही तमिळ नृत्यनाटिका बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी सादर करीत, आणि ती प्रथा विसाव्या शतकातही पुष्कळ वर्षे चालू होती.

1855 साली तंजावरची गादी खालसा झाली. दरबार मोडला म्हणजे प्रथम कलावंत उघडे पडतात. कोणी देवळांच्या आश्रयास गेले, कोणी अन्य संस्थानांत. अशा वेळी, 1880 साली, तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई यांचा विवाह बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. त्यांस नृत्य व कर्नाटक संगीत यांची जाण होती, आणि आंदणात त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तकी-नट्टुवनारांचे पथक बडोद्यास आले. माणसे आंदण म्हणून यावीत, हे आज वाचताना खटकते, आणि खटकावेच. राणीसाहेब तर 1885 सालीच, ऐन तारुण्यात, वारल्या. पण त्यांच्यामागे तंजावरचे नृत्य बडोद्यास राहिले.

दरबारात या मंडळींची नोंद कलावंत कारखान्यात असे. ‘अठरा कारखाने, बारा महाल’ या जुन्या राजव्यवहारातला तो कारखाना. गवयी, वादक, नर्तकी सारे त्याच्या नियमांनी बांधलेले. कन्नुस्वामी हे येथले नट्टुवनार तंजावरच्या त्या चौघा बंधूंच्याच वंशातले. गौरा आणि कांतिमती या दोघी दरबारच्या नर्तकी. वर्णम्, पदम् यांच्या जोडीने येथे पतंग उडविण्याचे नृत्यही होई. पतंगाचा शौक गुजराथेत केवढा आहे हे वाचकांस ठाऊकच आहे. जेथे पोट भरावयाचे तेथल्या रसिकांची आवड जाणून रचना करणे हे कलावंतांस कोणी शिकवावे लागत नाही.

1939 साली सयाजीराव महाराज निवर्तले आणि या मंडळींना पुन्हा वाट शोधणे भाग पडले. कांतिमती आणि त्यांचे पती नट्टुवनार अप्पास्वामी यांनी बडोदे सोडले, लखनौ येथे अध्यापन केले व पुढे दक्षिणेत चित्रपटसृष्टीत काम केले. दरबारची नर्तकी एकाच आयुष्यात शिक्षिका झाली आणि पडद्यासाठी काम करणाऱ्या मंडळींतही मोडू लागली. 1949 साली त्यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांस महाराज प्रतापसिंहराव यांनी बडोद्यास परत बोलाविले. त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. दरबारच्या नर्तकीचा मुलगा अशा रीतीने विद्यालयातला नृत्यशिक्षक झाला. कन्नुस्वामींची शाखा दक्षिणेतच फळली : त्यांचे पुत्र पोन्नय्या पिळ्ळै 1933 साली मद्रास संगीत अकादमीच्या परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि नातू किट्टप्पा पिळ्ळै यांजकडे वैजयंतीमाला शिकल्या.

आता त्या वाटणीकडे वळू. 1947 साली मद्रास प्रांतात मुली देवास वाहण्याची चाल कायद्याने बंद झाली. त्या चालीआड स्त्रियांची जी विटंबना होत असे ती पाहता कायदा आवश्यकच होता, याबद्दल आमच्या मनात संशय नाही. पण ज्या विद्येस नवा समाज सन्मानाने घरात घेत होता, तिचे मोल सर्वांस सारखे मिळाले नाही. नट्टुवनार हे गुरू म्हणून मान्यता पावले. नव्या संस्थांस व मध्यमवर्गीय घरांस ते हवेच होते. ज्यांनी प्रत्यक्ष नृत्य केले त्या बायांना मात्र गुरुपद क्वचितच लाभले. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरातील गौरी अम्माळ यांजकडे रुक्मिणीदेवी आणि बालसरस्वती या दोघीही अभिनय शिकल्या. एकीने कलाक्षेत्र उभारले, दुसरी तिच्या काळातील श्रेष्ठ नर्तकी ठरली. आणि गौरी अम्माळ 1971 साली विपन्नावस्थेत वारल्या. बालसरस्वती हा अपवाद. त्या तंजावर दरबारच्या कलावंत कुळातल्याच. 1953 पासून त्यांनी मद्रास संगीत अकादमीच्या आश्रयाने शिकविले, पुढे अमेरिकेतही शिकविले. अभिनय बसवून पाठ करावयाचा नसतो, तो गाणे गाता गाता सुचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे, आणि वर्गाच्या वेळापत्रकात तो बसविणे सोपे नव्हते.

आमच्या गोमंतकी वाचकांस येथे आपल्या सभामंडपांची आठवण होईल. तेथील कलावंत घराण्यांतूनही केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या स्त्रिया देशभर गाजल्या आणि मोगूबाई तर आपल्या कन्येच्या, किशोरी आमोणकरांच्या, गुरू म्हणून अजरामर झाल्या. परंतु हे सारे गायनाचे. गाण्यास मैफल, ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी मिळाली; नृत्याच्या पाठीशी नट्टुवनारांसारखे शिकवणारे कूळ गोमंतकात नव्हते, म्हणून ते मागे राहिले असावे, असा आमचा तर्क आहे.

बडोद्याच्या विद्यापीठात पुढे कलाक्षेत्राच्या शिस्तीत घडलेले अध्यापक आले. 1980 ते 1992 या काळात सी. व्ही. चंद्रशेखर यांच्यासारखा कसलेला नर्तक तेथे अध्यापन करीत होता. त्यांच्या हातून उत्तम विद्यार्थी तयार झाले. दरबारची ती जुनी तंजावर-बडोदे पद्धत मात्र मुख्यतः तंजोरकरांच्या घरातच राहिली. गौरा आणि कांतिमती यांची नावे भरतनाट्यम् शिकणाऱ्या किती मुलींच्या कानी पडतात, हे बडोद्याच्या नृत्यशिक्षकांनीच आम्हांस सांगावे.