घडीचा चाकू : मूठ आणि तिचे रंग

घडीच्या चाकूची मूठ दोन कामे करते : उघडलेला चाकू हातात पक्का बसवते आणि मिटलेल्या पात्याला म्यान पुरवते. त्यामुळे मुठीचा पदार्थ निवडताना पकड, वजन, पाण्याचा परिणाम आणि टिकाऊपणा या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

रचना : बहुतेक चाकूंत पात्याच्या दोन्ही अंगांना धातूच्या पातळ पट्ट्या असतात व त्यांवर लाकूड, शिंग किंवा प्लॅस्टिकचे आवरण रिव्हेटने अथवा स्क्रूने बसवतात. काही चाकूंची मूठ मात्र एकसंध लाकडाची असते व तिला खाच पाडून त्यात पाते मिटते.

लाकूड, शिंग, हाड : लाकूड हाताला उबदार लागते; पण ते पाणी पिऊन फुगते. फ्रान्सच्या साव्हुआ भागात झोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये घडवलेल्या चाकूची मूठ बीच लाकडाची आहे. ती भिजली की खाच आवळते आणि पाते बाहेर येईनासे होते. मग मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटायचे, की पात्याचे टोक थोडे वर येते व चिमटीत धरता येते. शिंग आणि हाड देखणे असते. पण कोरड्या हवेत त्याला तडे जाण्याचा संभव असतो. भारतात सांबरशिंगाच्या व्यापाराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार बंदी आहे.

कृत्रिम पदार्थ : काचतंतू मिसळलेले नायलॉन हलके व स्वस्त असते आणि त्यावर पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. मायकार्टा हे कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून बनवतात. जी-10 मध्ये काचतंतूंचे कापड व इपॉक्सी असते. ते मायकार्टापेक्षा कमी पाणी शोषते आणि खरखरीत ठेवल्यास ओल्या हातातूनही निसटत नाही. ते घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क लावूनच काम करावे.

धातू : पोलाद मजबूत, पण जड. टायटॅनियमची घनता 4.5, तर ॲल्युमिनियमची 2.7 ग्रॅम प्रति घन सेंमी. आहे. थंडीत धातूची मूठ हाताला गार लागते आणि गुळगुळीत असल्यास घामाने निसटते.

रंग : प्लॅस्टिकमध्ये रंग आरपार मिसळलेला असतो, ओरखड्यानेही तो जात नाही. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढवून त्यात रंग मुरवतात. ओरखडा खोल गेला, की खालची चंदेरी धातू उघडी पडते. टायटॅनियमला रंगद्रव्य लागतच नाही. विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवला, की त्यावरील ऑक्साइडचा थर जाड होतो आणि जाडीनुसार परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. साधारण 30 व्होल्टला निळा, तर 60 च्या आसपास सोनेरी.

स्विस लष्कराच्या चाकूत या निवडी क्रमाने दिसतात. 1890 च्या नमुन्याला गडद लाकडी मूठ होती. लाकूड तडकत असल्याने 1901 मध्ये व्हल्कनाइज्ड फायबर आले, 1961 मध्ये चंदेरी ॲल्युमिनियम आणि 2008 मध्ये हिरवी-काळी नायलॉनची मूठ. नागरिकांसाठीच्या चाकूचा लाल रंग मात्र ओळखीचा झाला आहे. शेतात किंवा जंगलात काळी, तपकिरी अथवा हिरवी मूठ हातातून पडली, तर गवतात शोधत बसावे लागते; नारिंगी, लाल वा पिवळी मूठ चटकन नजरेस पडते.

निवड : फळे कापायला, सहलीला लाकडी मूठ पुरेशी आहे, वापर झाल्यावर पुसून, कोरडी करून ठेवावी. पावसात, नावेवर किंवा शेतात वापरायचा चाकू नायलॉन अथवा खरखरीत जी-10 मुठीचा आणि भडक रंगाचा घ्यावा. शिंग, हाड व रंगीत टायटॅनियम यांची जादा किंमत बव्हंशी देखणेपणाची असते; त्यांनी धार वाढत नाही.