हशाची सोबत

विनोदाचा इतिहास लिहिताना लेखकाचा व नटाचा विचार होतो. हसणारा मनुष्य कोठे आणि कोणासमवेत बसला होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांची शैली मुख्यत्वे याच गोष्टीने पालटली, असे आम्हांस वाटते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचे केंद्र वरळीचे, आणि जवळच बीडीडी चाळींच्या १२१ इमारती. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आरंभीच्या त्या वर्षांत संच एखाद्याच्याच घरी असे. परंतु त्याचे दार उघडे राही आणि उंबरठ्याबाहेर शेजार दाटे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने पडद्यावर आले, ते अशा प्रेक्षकांपुढे. तो विनोद स्वभावातून निघणारा, सावकाश पिकणारा होता. आजीबाईंना न उमगलेले सुनेने समजावून द्यावे आणि मग दोघींनी मिळून हसावे, इतकी सवड त्यात होती.

इंग्लंडात ही सोबत निराळ्या रीतीने पुरविली जात असे. बीबीसीच्या बहुतेक विनोदी मालिका स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित होत. त्यांचा हशा घरोघर ऐकू जाई व एकटे कुटुंबही नाट्यगृहात बसल्यासारखे हसे. आपल्याकडील कित्येक हिंदी मालिकांनी पुढे ध्वनिमुद्रित हशा उचलला. माणसे मात्र त्यामागे नव्हती. इंग्लंडात १९९८ साली ‘द रॉयल फॅमिली’ने हा हशा वगळला. एका खोलीत दूरचित्रवाणीपुढे बसलेले कामकरी कुटुंब, एवढाच तिचा विषय! चाळकऱ्यास ती खोली परकी वाटली नसती. २००१ साली ‘द ऑफिस’नेही तीच वाट धरली. प्रेक्षकाने कोठे हसावे, हे आता त्याचे त्यानेच ठरवावयाचे होते.

मराठीत त्याच वर्षी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आले. तोवर घरोघर संच झाले होते; विनोदही तीन पिढ्यांच्या एका घरात स्थिरावला. त्यानंतरचे वळण मात्र इंग्लंडच्या उलट आहे. २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त लांब कथा नाही, तमाशातील बतावणीची आठवण देणारी छोटी प्रहसने आहेत, आणि समोर खुर्चीवर बसून हसणारी माणसेही पडद्यावर दिसतात. इंग्रजांनी हसणाऱ्यास वगळले, आम्ही त्याला कॅमेऱ्यापुढे आणून बसविले! याचे कारण उघड आहे. उंबरठ्यावरचा शेजार गेला. ज्याच्या त्याच्या हाती फोन आला. परंतु चारचौघांत हसण्याची भूक तशीच राहिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ चाळकरी कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सामाईक शौचकूपापुढे ज्यांनी आयुष्यभर रांगा लावल्या, त्यांना जुन्या सहवासाचे गोडवे ऐकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. स्वतःचे दार लावून घेण्याचा हक्क त्यांना फार उशिरा मिळाला. मात्र पूर्वी शेजाऱ्याकडून फुकट मिळणारी हशाची सोबत आता कार्यक्रमालाच पुरवावी लागते, ही गोष्ट यापुढे विनोद लिहिणारांस विसरता येणार नाही.